मागे घड्याळ दिसायला हवं

सोमवार, २

लॅबमधली भट्टी तापायला पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात लिहून टाकते, कारण घरी गेल्यावर माझ्याच्याने काही लिहून होत नाही.

घर मिळालं. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराला खिडकी आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. एकवीस तारखेला करारावर सह्या. पाणकोंबड्याला फोन केला तर म्हणतो, अगं पण मी अजून बघितलंच नाही. मी म्हटलं, चौदा फोटो पाठवलेत की. मग त्याने बघितले आणि छान आहे म्हणाला. कोणता फोटो आवडला विचारलं तर म्हणे सगळेच. या माणसाला आवडनिवड म्हणून काही नाही, सगळं मलाच बघावं लागतं.

वहीत पाणकोंबडा पहिल्यांदाच आलाय म्हणून नोंद करून ठेवते. चार वर्षं आम्ही एकमेकांचे आहोत. तो पोहायला शिकवतो, दिवसातले सात तास पाण्यात. लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडायचं नाही हे दोघांनी ठरवलंय, म्हणजे मी ठरवलं आणि त्याला पटलं. आता निदान एका घरात तरी राहू.

बाकी काम तेच. मी दात बनवते. दंतवैद्य साचा पाठवतात, मी त्यावर कॅप चढवते, कवळ्या करते. एका बाईचा समोरचा दात दुसऱ्यांदा परत आलाय, रंग जुळत नाही म्हणून. समोरचा दात म्हणजे जिवाला घोर. शेजारच्या दाताहून केसभर जरी पांढरा झाला तरी माणूस हसायचं बंद करतो.

बुधवार, ४

आमच्या महिला मंडळाची बैठक वाचनालयाच्या वरच्या खोलीत झाली. मंडळ म्हणजे मुळात वकीलबाई. त्यांनी पंचवीस वर्षं बायकांची भांडणं कोर्टात लढवली, आता आम्हाला कामाला लावतात. चौदा तारखेला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी कार्यक्रम आहे, विषय: प्रेमात काय चालतं आणि काय चालत नाही. भाषण द्यायचं नाही. एका माणसाने आपल्या मैत्रिणीला फोनवर पाठवलेले सात निरोप वाचायचे, आणि प्रत्येकावर मुलींनी हिरवा किंवा लाल कागद वर करायचा. निरोप मी लिहायचे आणि कार्यक्रमही मीच घ्यायचा.

मला एवढा आनंद झाला की घरी पायी आले. हे काम माझंच आहे. आई मामाला पत्र लिहायची तेव्हा बाबा ते आधी वाचायचे आणि मगच पाकीट चिकटवायचे. ओरडत नसत, हात उगारत नसत. नुसते वाचायचे, आणि आई तोवर उभी राहायची. मी सातवीत होते. तेव्हाच मनाशी ठरवलं की माझ्यावर असा पहारा कोणी ठेवायचा नाही. तसा पुरुषही शोधून काढला. पाणकोंबडा माझ्या फोनला हातसुद्धा लावत नाही.

शुक्रवार, ६

डोकं जरा फिरलंय. दुपारी त्याचा ठिपका चाळीस मिनिटं बाजारात उभा होता. (एकमेकांचे फोन कुठे आहेत ते नकाशावर दिसतं, तशी सोय आम्ही केलीय. माझाही ठिपका त्याच्याकडे आहे. तो बघत नाही, हा त्याचा आळस.) फोन केला, उचलला नाही. तीनदा केला. मग कळलं, तलावावर तिकिटं देते ती बाई आणि तो, दोघं मुलांसाठी टोप्या आणायला गेले होते. गेलास ते ठीक, मग आधी सांगायला काय झालं होतं? म्हणाला, विसरलो. चाळीस मिनिटं माणूस विसरतो?

मी शंकेखोर नाही, काटेकोर आहे. कामच तसं आहे माझं, मिलिमीटरचा दहावा भाग इकडचा तिकडे झाला तर समोरच्याचा जबडा दुखतो. तिकीटवालीशी माझं काही वाकडं नाही. पण उद्यापासून बॅच संपली की फोटो पाठव असं सांगितलंय, तलावाचं मोठं घड्याळ मागे दिसेल असा. आधीही पाठवायचा, मधे बंद झालं होतं. आमची गंमत आहे ती. ओले केस, लाल डोळे आणि मागे घड्याळ. माझ्याकडे असे दोनशेच्या वर फोटो असतील.

रविवार, ८

निरोप काही जमेनात. मी लिहिलेला माणूस नाटकातल्या खलनायकासारखा मिशा पिळत बोलत होता. असल्या माणसाबरोबर कोणती मुलगी राहील? कागद फाडफाडून केर झाला. शेवटी पाणकोंबडा आला तेव्हा त्यालाच म्हटलं, तू पुरुष आहेस, तू लिही. तो म्हणाला, मला काय येतंय. मी म्हटलं, बस आणि लिही.

बसला, आणि अर्ध्या तासात सात लिहिले. एकही खाडाखोड नाही. मी थक्क झाले. उतरवून ठेवते:

पोचलीस की लगेच कळव. दहा मिनिटांनी नाही, लगेच.
फोटो पाठव. मागे घड्याळ दिसायला हवं.
मी रागावलो नाहीये, फक्त विचारतोय.
तो निळा शर्ट घालू नकोस, मी बाहेर काढून ठेवलाय तो घाल.
तुझे मित्र वाईट नाहीत, पण त्यांच्यात गेलीस की तू तू राहत नाहीस.
तुझं भलं माझ्याइतकं कोणाला कळतं?
बोलायचं नसेल तर नको बोलूस. मी बसलोय. कितीही वेळ.

शेवटचा वाचून अंगावर काटा आला. शिवी नाही, धमकी नाही आणि तरी पळून जावंसं वाटतं. घड्याळाचं त्याने आमच्याकडूनच उचललं, पण आमची ती गंमत, आणि या कागदावरच्या माणसाच्या तोंडी केवढी भयंकर वाटते. लिहिणारी माणसं अशीच घरातलं उचलून कुठेतरी लावत असणार. मी त्याला चहा करून दिला, पाठ थोपटली. म्हटलं, तुझ्यात असला राक्षस लपलाय हे माहीत नव्हतं.

त्याने विचारलं, हे खरंच सगळ्यांसमोर वाचणार आहेस? मी म्हटलं, म्हणजे काय. तो म्हणाला, बरं. कप विसळला आणि गेला.

मंगळवार, १०

ताईचा फोन. भाचीला पोहायला त्याच्याकडेच घातलंय, त्यामुळे ताईला तो रोज दिसतो. म्हणाली, फार वाळलाय गं. रविवारी सकाळी मित्रांबरोबर सायकलवर जायचा ते का सोडलं त्याने? मी म्हटलं, त्याचं त्यानेच सोडलं. हे खरं आहे. मी एवढंच म्हटलं होतं की मला आठवड्यात एकच सुट्टी असते, आणि त्यातली सकाळ तू त्या टोळीला देतोस. जाऊ नको असं मी कधी म्हटलेलं नाही.

ताई म्हणाली, तू त्याला फार धरून ठेवतेस. आता बोला. नवऱ्याला विचारल्याशिवाय ही केस कापत नाही, आणि ही मला शिकवणार. मी तसं म्हटलंसुद्धा. मग दोघींचे फोन आदळले. घरी येईपर्यंत धुसफुसत होते. वाळलाय म्हणे. सात तास पोहल्यावर कोण फुगतं?

शुक्रवार, १३

समोरचा दात तिसऱ्या खेपेला जमला. तळाला जरासा करडा थर दिला आणि वर दुधी. दंतवैद्य म्हणाले, आता खरा कोणता आणि तुझा कोणता ते मलाही सांगता येणार नाही. लॅब डोक्यावर घ्यावी इतका आनंद झाला आणि सांगायला पाणकोंबड्याला फोन केला, तर बंद. साडेतीन तास बंद. बॅटरी संपली होती म्हणे. भेटल्यावर मी काहीच बोलले नाही. तो विचारत राहिला, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. बरंच ताणलं. हे बरोबर नाही हे मला कळतं. पण साडेतीन तास मला कसे गेले हे त्यालाही कळायला नको का?

शनिवार, १४

नीट क्रमाने लिहिते, नाहीतर गुंता होईल.

तेवीस मुली होत्या. शेवटच्या रांगेत एक चष्मेवाली, पेन उघडून बसलेली. मी निरोप वाचायला लागले. पहिल्याला बहुतेक हिरवे, त्याला काळजी आहे म्हणून. दुसऱ्याला, घड्याळाच्या, नऊ हिरवे. मी धसकले. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली, उद्या लोकांचे जीव वाचवणार, आणि यांना हे चालतं? मग मी बोलले. आईचं आणि पत्राचं सांगितलं. म्हटलं, काळजी करणारा माणूस विचारतो आणि पहारा देणारा पुरावा मागतो. हे वाक्य मला आधी सुचलेलं नव्हतं, आयत्या वेळी आलं. मुलींनी लिहून घेतलं. एकेक हिरवा खाली जायला लागला. सातव्या निरोपाला सगळे लाल. मी विचारलं, या माणसाचं काय करायचं? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, सोडायचं. माझा हात सगळ्यांच्या आधी वर होता.

तिथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मागे खुर्चीत बसलेल्या वकीलबाई उठल्या आणि म्हणाल्या, थांबा, अजून एक फेरी आहे. मला त्यांनी काही सांगितलेलं नव्हतं. म्हणाल्या, हेच निरोप आता एका मुलीने तिच्या मित्राला पाठवलेत. आणि माझ्या हातातला कागद घेऊन त्यांनी आपल्या आवाजात वाचायला सुरुवात केली, पोचलास की लगेच कळव.

मुली खिदळायला लागल्या. हिरवे, हिरवे, हिरवे. एक म्हणाली, बिचारी किती जीव लावते. घड्याळाला तर टाळ्या पडल्या. मीही हसत होते. मग माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात हिरवा कागद आहे आणि तो वर आहे. कधी केला ते आठवत नाही.

एकच लाल होता, शेवटच्या रांगेत. चष्मेवालीने विचारलं, "मॅडम, मग मघाशी लाल का होतं?"

उत्तर मला येत होतं. पुरुषाच्या मागे त्याची ताकद असते, घर असतं, शेजारपाजार असतो. बाई विचारते ती भीतीपोटी. तिला टाकलं जाण्याची भीती असते, त्याला नसते. म्हणून शब्द तेच असले तरी वजन एक नाही. मी चांगलं बोलले, मला अजूनही यातलं अक्षर न अक्षर पटतं. चष्मेवालीने सगळं लिहून घेतलं. पण कागद लालच वर ठेवला.

तोवर वकीलबाई वाचत वाचत शेवटच्या निरोपावर आल्या होत्या. मी बसलेय. कितीही वेळ. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. वकीलबाईंचा नव्हे.

संध्याकाळी तो भेटला. त्याने विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, छान. मुली काय म्हणाल्या? मी म्हटलं, त्यांना आवडलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, बरं.

रविवार, १५

फोनमध्ये शोधलं. सातही सापडले. शब्द जरा इकडे तिकडे, पण माझेच. तिसरा अकरा वेळा पाठवलाय, मी रागावले नाहीये, फक्त विचारतेय. सातवा एकदाच, दोन वर्षांपूर्वी, तो मित्राच्या वडिलांच्या अंत्यविधीला गेला होता त्या दिवशी. मला आठवतंय, मी खरंच बसले होते. पाणीही प्यायले नव्हते. मला तेव्हा वाटलं होतं की माझ्यासारखं प्रेम कोणी करत नसेल.

म्हणजे त्याने लिहिलं नव्हतंच, उतरवून दिलं. आणि मी पाठ थोपटली.

आधी राग आला. सांगायचं होतं तर तोंडाने सांगायचं, मला तेवीस मुलींसमोर उभं कशाला करायचं? मग वाटलं, तोंडाने सांगायची सोय मी ठेवली होती का? मग वाटलं, होती की, मी काय त्याला मारते? मग बाबा आठवले. त्यांनीही कधी मारलं नव्हतं. असं गोल गोल फिरतेय सकाळपासून. मी बाबांसारखी नाही. मी त्यांच्या विरुद्ध आहे, आयुष्यभर विरुद्धच होते. विरुद्ध जात जात माणूस त्याच दाराशी पोचू शकतो का? मला नाही वाटत. मला काय वाटतं तेच कळेना झालंय.

सोमवार, १६

सकाळी त्याला कळवलं की आजपासून फोटो नकोत. त्याचं उत्तर आलं, काही चुकलं का माझं?

दुपारी वकीलबाईंच्या घरी गेले. पुस्तकांवर धूळ, मांजर टेबलावर, आणि बाई टाइप करत होत्या. विचारलं, शब्द तेच, पण पुरुषाचे आणि बाईचे, हे एकच आहे का हो? मला वाटलं होतं, निदान या तरी नाही म्हणतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "एकच नाही. पण वेगळं आहे म्हणून चालतं, असंही मला म्हणवत नाही. मी कोर्टात बाईला एकच विचारायचे, तुला त्याची भीती वाटते का. तेवढं विचारून बघ." कोणाला विचारू ते त्यांनी सांगितलं नाही. कोणाबद्दल विचारतेय हे मीही सांगितलं नव्हतं.

ठिपका मात्र अजून चालूच आहे. बंद करायचं बटण कुठे आहे ते माहीत आहे. त्याच्यावर बोट ठेवून पाच मिनिटं बसले. तो तलावावर होता.

गुरुवार, १९

विचारलं. तलावाबाहेरच्या बाकावर, दुपारच्या सुट्टीत. मी डब्यात अंडी-पाव नेला होता. तो खाताना माझ्याकडे बघत होता, मी काही बोलायच्या आत कळावं म्हणून बघतो तसा. हे बघणं मला रोज दिसतं. मला वाटायचं त्याचे डोळेच तसे आहेत.

मी म्हटलं, ते निरोप माझे होते ना. तो म्हणाला, हो. मी म्हटलं, तुला माझी भीती वाटते का? त्याने पाव खाली ठेवला.

"भीती नाही गं. फक्त तुझ्याकडे येताना जिन्यात जरा थांबतो. आज काय काय झालं ते एकदा मनात म्हणून घेतो. तू विचारलंस तर चुकायला नको."

मी विचारलं, कधीपासून? म्हणाला, आठवत नाही. पाण्यात असलो की बरं वाटतं, म्हणाला, तिथे फोन नेता येत नाही. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. मला रडू फुटलं. मग त्यानेच माझे डोळे पुसले, माझ्यासाठी पाणी आणलं, आणि जायची वेळ झाली तेव्हा विचारलं, तू आता ठीक आहेस ना, मी आत गेलो तर चालेल ना. मी मान हलवली. तो गेल्यावर लक्षात आलं की रडून मी पुन्हा त्याला कामाला लावलं. आता रडायचंसुद्धा नाही का? मग करायचं तरी काय?

लॅबमध्ये येऊन ठिपका बंद केला. संध्याकाळपर्यंत फोन उचलून नकाशा बघत होते, आणि नकाशात रस्तेच रस्ते.

शनिवार, २१

सह्या अकराला होत्या. घरमालकीणबाईंच्या बैठकीच्या खोलीत कागद मांडले होते. दोघांची नावं, दोघांसाठी रेघा. कालपासून मी स्वतःला बजावत होते की आज काही बोलायचं नाही, काय घालावं, कसं बसावं, कुठे सही करावी, काही नाही. तो निळा शर्ट घालून आला होता. मी काही बोलले नाही. चांगला दिसत होता.

मालकीणबाईंनी पेन आधी त्याच्याकडे दिलं. त्याने करार वाचायला घेतला. पहिल्यांदाच काहीतरी पूर्ण वाचताना बघितलं त्याला. पान उलटत शेवटच्या रेघेपर्यंत आला आणि थांबला. मालकीणबाई म्हणाल्या, करारासोबत घरपट्टीच्या पावतीची प्रत लागेल, आणते, आणि आतल्या खोलीत गेल्या.

त्याने पेनला टोपण लावलं. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "मी जाऊ का?"

आधी मला वाटलं पाणी प्यायला. मग कळलं. चार वर्षांत इतकं मोठं काही त्याने मागितलं नव्हतं, आणि आता हेही तो मागूनच घेत होता. माझी परवानगी मागत होता, मला सोडून जायची. नाही म्हटलं असतं तर त्याने सही केली असती, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक आहे. तेवढा एक शब्द पुरला असता. तिसरा मजला, स्वयंपाकघराला खिडकी.

मी म्हटलं, जा.

तो उठला नाही. माझा चेहरा वाचत राहिला. विचारलं, रागावून म्हणतेस का? मी म्हटलं, नाही. खरं म्हणतेस? मला ओरडावंसं वाटलं, अरे, आता हेही मीच ठरवू का. पण ओरडले असते तर तो बसून राहिला असता. म्हणून मी खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिले. खाली एक बाई गाडी लावत होती, मागेपुढे, मागेपुढे. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, आणि मग दार.

तो स्वतःहून गेला, की मी जा म्हटलं म्हणून गेला, हे मला कळलेलं नाही. बहुतेक त्यालाही नसेल. येईल का, ते विचारलं नाही. खूप विचारावंसं वाटलं.

मालकीणबाई पावती घेऊन आल्या. रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "कुठे गेले ते?"

मी म्हटलं, "माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं.